बारावं नाव

शालेय बास्केटबॉल स्पर्धेच्या प्रवेशिकेवर बारा खेळाडूंची नावं लिहायची असतात. पाच मैदानात उतरतात, सात बाकावर बसतात आणि तेरावा घरी राहतो. नंदुरबारच्या एका शाळेत यंदा बाराव्या नावावरून काका-पुतणीत वाद झाला. पुतणी त्या शाळेत क्रीडाशिक्षिका आहे, मुलांचा संघ तिच्याकडे आहे. काका एसटीतून निवृत्त झालेले. नंदुरबार धुळे जिल्ह्यात होतं त्या काळात, म्हणजे १ जुलै १९९८ च्या पुष्कळ आधी, ते धुळ्याला कॉलेजच्या संघात होते. त्यांना सगळं गाव नाना म्हणतं आणि तिला ताई. मीही तेच म्हणतो.

वाद ज्याच्यावरून झाला तो मुलगा अक्राणी म्हणजे धडगाव तालुक्यातल्या एका पाड्यावरचा, सतरा वर्षांखालच्या गटातला, इथल्या वसतिगृहात राहणारा. चांगला उंच. गेल्या वर्षी विभागीय सामन्यात अगदी शेवटी त्याला दोन फ्री थ्रो मिळाले होते. दोन्ही हुकले, सामना एका गुणाने गेला. तेव्हापासून तो रिंगकडे बघत नाही. चेंडू हातात आला की निखारा आल्यासारखा दुसऱ्याकडे टाकतो. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. वादात आणखी जी नावं आली ती सगळ्यांच्या माहितीतली आहेत, ती लिहायला हरकत नाही.

ताई : नाना, यादी उद्या द्यायची. मी त्याचं नाव घालतेय.

नाना : घाल, पण कशासाठी घालतेस ते आधी सांग. परवाचा सराव सामना मी पूर्ण बघितला. पोराने एकदाही बास्केटवर चेंडू टाकला नाही.

ताई : रिबाउंड बघितलेत का त्याचे? आपल्या रिंगखाली आलेला चेंडू त्याच्याशिवाय कोण घेतं?

नाना : बघितले. आणि आपल्या पॉइंट गार्डचे हालही बघितले. हा शॉट मारत नाही हे समोरच्यांना पाच मिनिटांत कळलं. त्यांनी ह्याला मोकळा सोडला आणि ह्याचा माणूस आपल्या गार्डवर दुसरा म्हणून धाडला. दोघांच्या कचाट्यात त्या पोराच्या हातून चेंडू सुटत राहिला आणि शिव्या त्याने खाल्ल्या. तू एकावर विश्वास ठेवतेस, माय, त्याची किंमत दुसरा मोजतो.

ताई : मग काय करू? एका वर्षात मुलगा टाकाऊ झाला का?

नाना : टाकाऊ कोण म्हणतंय? मी बाकाबद्दल बोलतोय. कॉलेजात असताना पूर्ण एक हंगाम मी बारावा होतो. माझ्या जागी खेळणारा मोठा खेळाडू. त्या हंगामात त्याचा हात बिघडला होता आणि सर म्हणायचे, येईल लयीत, येईल. मी रोज त्याच्याहून तासभर जास्त थांबायचो. तो लयीत आला हंगाम संपल्यावर. माझं तर वयच संपलं.

नानांच्या बाजूला एवढं वजन आहे हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. कठोर बोलणारी माणसं निकालाला चिकटलेली असतात असा आपला समज असतो. नाना निकालाबद्दल फार थोडं बोलले. ते सगळा वेळ बाकावरच्या मुलाची बाजू मांडत होते. तो मुलगा गावातलाच, अंगाने लहान, हाताने चपळ. दोन वर्षं त्याचं नाव बारात असतं आणि मैदानात तो उतरतो तो सामन्याचा निकाल लागून गेल्यावर.

ताईने मग क्रिकेट काढलं. आपल्याकडे कुठल्याही खेळाचा वाद शेवटी तिथे जातोच. पण इथे ते उपयोगी पडलं.

ताई : २०१२ मध्ये श्रीलंकेत रोहित शर्माच्या पाच वनडेतल्या धावा सांगू? ५, ०, ०, ४, ४. बेरीज १३. तोवर त्याला भारताकडून खेळायला लागून पाच वर्षं झाली होती. २०११ च्या विश्वचषकातून वगळलेला. लोक म्हणत होते, बस झालं. त्याला ठेवलं. जानेवारी २०१३ मध्ये मोहालीला सलामीला पाठवलं, त्याने ८३ केल्या. त्याच वर्षी बंगळुरूला २०९, पुढच्या वर्षी ईडनवर २६४. तेव्हा काढला असता तर?

नाना : तर काय झालं असतं ते तुला ठाऊक नाही, मलाही नाही. पण मनोज तिवारीचं काय झालं ते ठाऊक आहे. डिसेंबर २०११, चेन्नई, वेस्ट इंडिजविरुद्ध १०४, सामनावीर. त्यानंतर पुढचे १४ सामने तो बाहेर बसला. शतक ठोकून बाहेर! त्याच श्रीलंकेच्या दौऱ्यात अखेर त्याला खेळवलं, तर एका सामन्यात चार विकेट काढल्या आणि शेवटच्या सामन्यात ६५ धावा केल्या. एकूण वनडे किती खेळला? १२. आता जागा एकट्या रोहितने अडवली होती असं मी म्हणत नाही, मधल्या फळीत दाटी होती. पण ज्या खुर्चीवर विश्वास ठेवला जातो ती रिकामी नसते, एवढं लक्षात ठेव. रोहितची गोष्ट सगळे सांगतात. तिवारीची कोण सांगतं?

ताई : नाना, रोहितच्या गोष्टीत एक बारकावा तुम्ही सोडलात. त्याला नुसतं ठेवलं नाही, त्याचं काम बदललं. मधल्या फळीत अडखळत होता, तर सलामीला पाठवला.

नाना : हे बरोबर बोललीस. मग तू ह्याचं काम बदललंस का?

ताईकडे लगेच उत्तर नव्हतं. तो प्रश्न तिला लागला. विश्वास ठेवणं म्हणजे प्रशिक्षकानेही काहीतरी वेगळं करून बघणं. जे चाललं आहे तेच चालू ठेवून मुलगा बदलण्याची वाट बघत बसलं तर त्याला विश्वास कशाला म्हणायचं?

पुढे पृथ्वी शॉचा विषय निघाला आणि तिथे दोघांचे रस्ते खरे फुटले. हकिगत थोडी सविस्तर सांगतो, कारण महाराष्ट्रात तरुण खेळाडूवर किती काळ विश्वास ठेवायचा हा प्रश्न गेल्या काही वर्षांत त्याच्याइतका कुणाच्या बाबतीत विचारला गेला नाही.

२०१३ मध्ये, चौदा वर्षं नुकतीच पूर्ण झालेली असताना, विरारच्या ह्या मुलाने शालेय क्रिकेटच्या हॅरिस शिल्डमध्ये एका डावात ५४६ धावा केल्या. २०१८ च्या फेब्रुवारीत त्याच्या नेतृत्वाखाली भारताने एकोणीस वर्षांखालील विश्वचषक जिंकला आणि ऑक्टोबरात राजकोटला कसोटी पदार्पणात त्याने १३४ केल्या. मग घसरण. घोट्याची दुखापत, २०१९ मध्ये खोकल्याच्या औषधात सापडणाऱ्या एका प्रतिबंधित घटकामुळे आठ महिन्यांची बंदी, डिसेंबर २०२० मध्ये ॲडलेडला शून्य आणि चार. भारताचा दुसरा डाव ३६ धावांत आटोपला तीच ही कसोटी. त्यानंतर तो कसोटी खेळलेला नाही. पण त्याची बॅट पूर्ण गप्पही बसली नाही. काही महिन्यांतच विजय हजारे करंडकात त्याने ८२७ धावा केल्या आणि मुंबईने करंडक जिंकला. जानेवारी २०२३ मध्ये गुवाहाटीला आसामविरुद्ध ३७९. रणजीच्या इतिहासात त्याहून मोठा डाव एकच आहे, तो भाऊसाहेब निंबाळकरांचा, १९४८ साली पुण्यात महाराष्ट्राकडून केलेला नाबाद ४४३. आणि एवढं असूनही ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईने त्याला रणजी संघातून वगळलं. वर्तमानपत्रांत कारणं आली ती तंदुरुस्तीची आणि शिस्तीची. नोव्हेंबरात जेद्दाच्या आयपीएल लिलावात त्याला कुणी घेतलं नाही. त्याच महिन्यात त्याला पंचविसावं वर्ष पूर्ण झालं.

२०२५ मध्ये तो महाराष्ट्राच्या संघात आला. रणजीच्या पहिल्या सामन्यात केरळविरुद्ध पहिल्या डावात शून्य, दुसऱ्या डावात ७५. पुढच्याच सामन्यात चंदीगडविरुद्ध २२२.

नाना : बघ, मुंबईने काढलं म्हणूनच हे झालं. आठ वर्षं सगळे त्याला सांभाळत होते. सांभाळणं थांबलं तेव्हा पोरगा उठून उभा राहिला. काढून टाकणं हेही कधी कधी औषध असतं.

ताई : उठून उभा राहिला, पण कुठे? महाराष्ट्राने त्याला घेतलं म्हणून. आणि पहिल्या डावात शून्य आल्यावरही घरी पाठवलं नाही म्हणून. नाना, आपलं राज्य एक आणि त्यात रणजी संघ तीन, मुंबई, महाराष्ट्र, विदर्भ. एकाने दार लावलं तर माणूस दुसरं ठोठावतो. ह्या पोराला मी बाराव्या रकान्यातून काढलं तर तो कुठलं दार ठोठावणार?

नाना : दुसरी शाळा...

ताई : कुठली? जिल्ह्याचे तालुके सहा. नंदुरबार आणि शहादा सोडलं तर बास्केटबॉलचे नियमित संघ कुठे दिसतात? नवापूर, तळोदा, अक्कलकुवा, धडगाव, सगळीकडे कबड्डी, खो-खो, व्हॉलीबॉल. ह्या पोरांनी इथे येईपर्यंत रिंग जवळून पाहिलेली नसते. पुण्या-मुंबईत मुलगा एका क्लबातून निघाला तर दुसऱ्या क्लबात जातो. इथे क्लबच नाही, तर दुसरा कुठून आणायचा?

मला स्वतःला ह्या वादात सगळ्यात पटलं ते ताईचं हे बोलणं. तरुण खेळाडूला किती संधी द्याव्यात ह्याचा एकच हिशेब सगळीकडे लावता येत नाही. जिथे संघ पुष्कळ, तिथे वगळणं हा धडा होऊ शकतो. जिथे संघ एकच, तिथे त्याच कृतीने मुलाचा खेळ संपतो. खेळासोबत आणखी बरंच जातं. स्पर्धेतल्या कामगिरीवर दहावी-बारावीला मिळणारे सवलतीचे गुण जातात. पुढे राज्य पातळी गाठली तर सरकारी नोकरीत खेळाडूंसाठी पाच टक्के राखीव जागांचा जो रस्ता आहे, त्याचं पहिलं वळणही इथेच चुकतं. शहरातल्या मुलाला हे गुण वरकमाई असतील. पाड्यावरून शिकायला आलेल्या मुलाला त्यातूनच पुढचं कॉलेज दिसतं.

पण नाना गप्प बसले नाहीत, आणि पुढे जे म्हणाले तेही खोडता येण्यासारखं नव्हतं.

नाना : तुझ्या मनातलं सांगू? तुला त्याच्या खेळाची काळजी नाही. दिवाळी झाली की त्याच्या घरचे ऊसतोडीला गुजरातकडे निघतील आणि संघात नाव नसेल तर तोही त्यांच्याबरोबर जाईल, ही तुझी भीती आहे.

ताई : आहे. मागच्या वर्षी एक गेला, परत आला नाही.

नाना : मग ती भीती खरी आहे, पण ती बास्केटबॉलच्या यादीवर का टाकतेस? त्याला शाळेत टिकवायचं तर वसतिगृहाच्या अधीक्षकांशी बोल, घरी जाऊन बापाशी बोल, मी येतो तुझ्याबरोबर. चांदसैलीचा घाट चढायची मला अजून सवय आहे. पण दयेपोटी जागा दिलीस ना, तर पोराला कळल्याशिवाय राहत नाही. बाकीच्या अकरांना त्याच्या आधी कळतं. मग ते त्याला पास देणं बंद करतात. मैदानातच एकटं पाडतात.

ताई : तुम्ही ह्या दोन गोष्टी इतक्या सहज वेगळ्या करता. मला करता येत नाहीत. तो शाळेत येतो त्यातलं निम्मं कारण संध्याकाळचा सराव आहे. बापाशी बोलायला गेलं तर बाप काय विचारणार? पोरगा संघात आहे का, हेच ना?

मग नानांनी असं काही विचारलं की वादाची दिशाच बदलली.

नाना : बरं, ते राहू दे. पोरगा का बिघडला, हे शोधलंस का?

ताई : फ्री थ्रो हुकले, मनात धास्ती बसली. सगळ्यांना माहीत आहे.

नाना : सगळ्यांना माहीत असतं तेच नीट तपासायचं राहून जातं. अमेरिकेत तो मार्केल फुल्ट्झ म्हणून मुलगा होता, आठवतो? २०१७ मध्ये एनबीएच्या ड्राफ्टमध्ये पहिल्या क्रमांकावर फिलाडेल्फियाने घेतला. आला आणि शॉट मारायचंच विसरला. हात वर नेताना मध्येच अडकायचा. जगभर त्याचे व्हिडिओ फिरले. लोक म्हणाले, डोक्यात गोंधळ आहे, घाबरला आहे. डिसेंबर २०१८ मध्ये डॉक्टरांनी सांगितलं, मानेतून खांद्याकडे जाणाऱ्या नसा दबल्या आहेत. तोवर फिलाडेल्फियाची सहनशक्ती संपत आली होती. दोन महिन्यांनी त्याला ऑरलँडोला देऊन टाकला. तिथे त्याला उपचाराला वेळ दिला, तर पुढच्या हंगामात तो ७२ सामने खेळला. मी विश्वासाच्या विरोधात आहे असं तुला वाटतं ना? मी न शोधता ठेवलेल्या विश्वासाच्या विरोधात आहे.

ताई : म्हणजे ह्याला...

नाना : मला काय माहीत? पण परवा दुसऱ्या क्वार्टरला तो गुडघ्यावर हात टेकून उभा होता आणि पाय चोळत होता. आपल्या भागातलं पोरगं आहे. सिकलसेलची तपासणी झाली आहे का त्याची? कार्ड बघितलंस?

ताईने कार्ड बघितलं नव्हतं. तिचं तोंड उतरलं. नंदुरबार हा सिकलसेलचं प्रमाण जास्त असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. लाल रक्तपेशी विळ्याच्या आकाराच्या होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. आईबाप दोघांकडून हा दोष आला तर आजार, एकाकडूनच आला तर मूल नुसतं वाहक. वाहकाला बहुधा काहीच जाणवत नाही आणि तो आरामात खेळू शकतो. मात्र उन्हात, कमी पाण्यावर, दम खाऊ न देता पळवलं तर त्यालाही धोका संभवतो. प्रत्यक्ष आजार असेल तर अतिश्रमाने अंगदुखीचा तीव्र झटका येऊ शकतो. बोटातून थेंबभर रक्त घेऊन सोल्युबिलिटी चाचणी होते आणि शंका आली तर पुढची पक्की तपासणी करतात. केंद्र सरकारने जुलै २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं ते आपल्यासारख्या आदिवासी भागांसाठीच. अमेरिकेतल्या विद्यापीठांच्या सर्वोच्च गटात तर २०१० पासून खेळाडू सिकलसेलचा वाहक आहे का हे आधी बघतात. वाहक निघाला म्हणून संघातून काढत नाहीत, सराव कसा घ्यायचा ते ठरवतात.

मुलाला सिकलसेल आहे असं इथे कुणी म्हणत नाही. कदाचित खरोखर ते दोन फ्री थ्रोच असतील. पण जिल्हाभरच्या मैदानांवर किती मुलांना आपण आळशी म्हटलं, भित्रं म्हटलं, दम नाही म्हटलं आणि कार्ड मागितलं नाही, ह्याचा विचार मनातून जात नाही. खेळाडूवर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवण्याआधी त्याची साधी रक्ततपासणी व्हावी, हे प्रत्येक क्रीडाशिक्षकाने आपलं काम मानलं पाहिजे.

ताई : उद्या सकाळीच दवाखान्यात नेते. निकाल काय तो त्याला आणि घरच्यांना कळेल, संघात चर्चा नको.

नाना : तेच बरोबर. आणि यादी?

ताई : यादीत नाव राहणार. तपासणीत काही निघालं तर डॉक्टर म्हणतील तसं. नाहीतर तो खेळणार. नाना, क्रिकेटमध्ये अकरा निवडले की संपलं, आउट झालेला परत येत नाही. आपल्या खेळात तसं नाही. दहा मिनिटांचे चार क्वार्टर, पाच खेळाडू, म्हणजे २०० मिनिटं माझ्या हातात असतात आणि खेळाडू कितीही वेळा बदलता येतो. विश्वास सगळ्या सामन्याचाच ठेवला पाहिजे असं कुठे आहे? चार मिनिटांचा ठेवता येतो.

नाना : हे तू आधी का नाही बोललीस? मी तासभर हेच म्हणतोय. पण चार मिनिटांत त्याने करायचं काय, ते ठरव. नाहीतर पुन्हा चेंडू फेकून देईल.

ताई : ठरवलंय. तुम्ही मघाशी म्हणालात ना, काम बदललं का म्हणून? त्याला बाहेरून शॉट मारायला सांगणारच नाही. रिंगच्या खाली, रिबाउंड घेतला की तिथूनच वर. चुकलेला शॉट मी मोजणार नाही. न मारलेला मोजेन.

नाना : आणि नाही मारला तर?

ताई : तर बाहेर. दोन मिनिटं माझ्याशेजारी बसेल, आणि त्याच सामन्यात परत आत.

नाना : आणि तो बाहेर असताना त्याच्या जागी कोण? माझा बारावा की तुझी नेहमीचीच माणसं?

ताई : तुमचा बारावा. त्याची उंची नाही, तेव्हा बचाव थोडा बदलावा लागेल. झोन लावते.

नाना : त्याला किती मिनिटं?

ताई : दहा.

नाना : वीस.

ताई : वीस दिली तर रिबाउंड गेले आपले. पंधरा देते.

नाना : पंधरा, आणि त्यातली पाच शेवटच्या क्वार्टरमधली. निकाल लागायच्या आधीची. आणि हे त्या दोघांना आजच सांग, वेगवेगळं बसवून.

ताई : सांगते. तुम्ही पण चला ना. बाकावरच्याशी तुम्ही बोला.